रुळाला लागून घर, आणि रात्रीची झोप

प्रश्न: आम्ही ठाणे जिल्ह्यात रुळांना लागून असलेल्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतो. घर घेतलं तेव्हा गाड्या पलीकडच्या बाजूने जायच्या. नव्या मार्गिका झाल्या आणि गाडी आमच्या कुंपणाला येऊन भिडली. रात्री मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या, पहाटेपासून लोकल. भोंगा नेमका आमच्या इमारतीसमोरच वाजतो, कारण तिथे भिंतीला भगदाड आहे आणि लोक तिथून रूळ ओलांडून स्टेशनला जातात. घाईत असला की आमचा दहावीतला मुलगाही तिथूनच जातो. शिवाय एका जागी प्रत्येक गाडीचा धाडधाड आवाज येतो, आणि अधूनमधून रात्रभर रुळांवर कसलंतरी मशीन चालतं. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, हृदयाची औषधं चालू आहेत. मिस्टर म्हणतात, होईल सवय. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, रेल्वेशेजारी घर घेतलंत तर आवाज येणारच, रेल्वेला कोण विचारणार? आम्ही कोर्टात जावं, की घर विकून मोकळं व्हावं?

उत्तर:

ताई, नमस्कार.

आवाजाकडे वळण्याआधी तुमच्या मुलाबद्दल. तो भगदाडातून जातो, हे तुम्ही ओघात लिहून गेला आहात. ते आजपासून बंद करा. मार्गिका वाढल्या की ‘एक गाडी गेली, आता रस्ता मोकळा’ हा जुना अंदाज चालत नाही. गेलेल्या गाडीच्या खडखडाटात पलीकडून येणारी गाडी ऐकूच येत नाही. रूळ ओलांडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण मुलाला कायद्याची भीती घालण्यापेक्षा सरळ सांगा की उशीर झाला तर होऊ दे, क्लास बुडाला तर बुडू दे. हे मी सगळ्यात आधी लिहिते आहे, कारण तुमच्या झोपेचा प्रश्नही बऱ्याच अंशी त्याच भगदाडात अडकला आहे.

आता सेक्रेटरींचं म्हणणं. रेल्वेशेजारी घर घेतलं म्हणून शांततेचा हक्क सोडून दिला, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या ध्वनिप्रदूषणावरच्या निकालात शांतपणे जगणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. शिवाय तुमच्या बाबतीत तर घर आधीचं आणि मार्गिका नंतरच्या. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. त्या पट्ट्यात कितीतरी कुटुंबं अशी आहेत, ज्यांच्याकडे रूळ चालत आले. वाहतुकीसाठी त्या मार्गिका हव्याच होत्या, त्यांना माझा विरोध नाही. गर्दीत लटकणाऱ्या माणसाला जास्त गाड्या मिळायलाच हव्यात. पण त्या गाड्यांची किंमत कुंपणाशेजारच्या माणसाने झोपेतून मोजावी आणि कुणी त्याची दखलही घेऊ नये, हे मला मान्य नाही.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या नियमांनी रेल्वेला सूट दिलेली नाही. मात्र रेल्वेगाडीसाठी वेगळी मर्यादाही आखलेली नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

ही ४५ ची मर्यादा सरासरीची आहे. समजा, रात्री तुमच्या खिडकीशी पाच सेकंदांचा भोंगा ८० डेसिबलने वाजला आणि बाकी रात्र शांत गेली. आठ तासांवर तो आवाज पसरवला की सरासरी येते साधारण ४२. कागदावर रात्र नियमात बसली, आणि सासूबाई मात्र दचकून उठून बसलेल्या. याउलट ८५ डेसिबलची मालगाडी अर्धा मिनिट खडखडत गेली, तर त्या एकट्या गाडीने आठ तासांची सरासरी ५५ वर जाते. म्हणजे मालगाड्यांबाबत हा नियम तुमच्या बाजूने बोलतो, भोंग्याबाबत तो मुका राहतो. म्हणून तुम्ही मोजणी मागाल तेव्हा दोन आकडे मागा: रात्रीची सरासरी, आणि प्रत्येक गाडीचा कमाल आवाज.

जपानने ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी ओळखली. नागोया शहरात शिंकान्सेनच्या, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनच्या, रुळांशेजारच्या रहिवाशांनी १९७४ मध्ये दावा लावला. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने या गाड्यांसाठी आवाजाची मर्यादा ठरवली, निवासी भागात ७० डेसिबल, आणि ती मोजायची गाडी समोरून जाताना. रात्रभराची सरासरी काढून नव्हे. दावा मात्र १९८६ मध्ये तडजोडीने मिटला. बारा वर्षं गेली. तुमच्या कोर्टाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. आपल्याकडेही रेल्वेसाठी अशी गाडीनिहाय मर्यादा हवी. खासदारांना पत्र लिहाल तेव्हा मागणी ‘आवाज कमी करा’ अशी मोघम न करता ही करा.

मिस्टरांच्या ‘सवय होईल’बद्दल: सवयीने फार तर जाग येणं कमी होतं. झोपेत गाडीच्या आवाजाने नाडी वाढते, रक्तदाब चढतो, आणि शरीराच्या या प्रतिक्रियेला तितकीशी सवय होत नाही, माणूस सकाळी ‘छान झोप लागली’ म्हणाला तरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत रेल्वेचा रात्रीचा सरासरी आवाज ४४ डेसिबलच्या खाली असावा, असं म्हटलं आहे. सासूबाईंच्या डॉक्टरांना रात्रीच्या आवाजाबद्दल सांगितलं आहे का? नसेल तर पुढच्या तपासणीत सांगा आणि त्यांच्या कागदावर तशी नोंद करून घ्या. सासूबाईंसाठी ते गरजेचं आहेच, पुढे अर्जालाही जोडता येईल.

आता तुमचे आवाज वेगवेगळे करू. तुम्ही, सेक्रेटरी, मिस्टर, सगळे ‘रेल्वेचा आवाज’ असं एकच गाठोडं बांधता, म्हणून ते कुणाच्याच टेबलावर उतरत नाही. तुमच्या पत्रात चार आवाज आहेत आणि प्रत्येकाचं कारण निराळं आहे.

भोंग्याबद्दल लिहायला बरंच आहे. मोटरमन आणि लोको पायलट हौसेने भोंगा वाजवत नाहीत. रेल्वेच्या सामान्य नियमांनी शिट्टी कधी, कशी द्यायची ते बांधून दिलेलं आहे. फाटक यायच्या आधी रुळांशेजारी ‘सी/फा’ (सीटी/फाटक) लिहिलेला पिवळा फलक तुम्ही पाहिला असेल. त्या फलकापासून फाटक ओलांडेपर्यंत शिट्टी देणं भाग असतं. तुमच्याकडे फाटक नाही, पण माणसं रूळ ओलांडतात. समोर माणूस दिसला आणि भोंगा दिला नाही, असं कुठल्या चालकाने करावं? ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री निवासी भागात हॉर्नला मनाई करणारी तरतूद आहे हे खरं, पण ती दाखवून गाडीचा भोंगा बंद करून घेता येईल, अशा भ्रमात राहू नका. जिथे माणूस रुळावर येण्याची शक्यता आहे, तिथे मी स्वतःही तशी मागणी करणार नाही.

म्हणजे भोंगा थांबवायचा तर माणसं रुळावरून हटवावी लागतील. अमेरिकेत २००५ पासून फाटकाच्या आधी १५ ते २० सेकंद भोंगा सक्तीचा आहे, आणि त्याच नियमात शांत पट्ट्याचीही सोय आहे: गावाने फाटक इतकं पक्कं करायचं की वाहन घुसूच शकणार नाही, मग भोंग्याची सक्ती उठते. सुरक्षेची व्यवस्था आधी होते, शांतता तिच्या मागून येते. आपल्याकडेही हाच क्रम धरावा लागेल. भगदाड पक्कं बुजवायचं, आणि त्याच वेळी पादचारी पूल मागायचा. नुसती भिंत बांधली तर महिनाभरात कुणीतरी ती पुन्हा फोडेल, कारण लोकांना पलीकडे जायचं असतं आणि सध्याचा पूल लांब पडतो. तुमच्या सोसायटीतली किती माणसं तिथून जातात, याची यादी बैठकीत करा. थोडं अवघड वाटेल. ज्यांना भोंग्याचा त्रास होतो त्यांच्याच घरातली माणसं त्या भोंग्याचं कारण असतात, हे एकदा समोरासमोर बोललं गेलं पाहिजे.

वडाळ्याला २००९-१० च्या सुमारास एक प्रयोग झाला होता. रूळ ओलांडताना होणारे मृत्यू कमी करण्यासाठी रुळांखालचे काही आडवे स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्यांना कळावा. गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या घाबरलेल्या चेहऱ्याचे फोटो लावले. आणि एका लांबलचक भोंग्याऐवजी मध्ये विराम ठेवून दोन तुटक भोंगे द्यायला सांगितलं. सलग आवाजाकडे कान दुर्लक्ष करतो, मध्ये शांतता आली की माणूस वळून बघतो. त्या जागी मृत्यू घटल्याचं सांगितलं गेलं. हे मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या जागी पूल होईपर्यंत असा तुटक भोंगा ठेवता येईल का, हे रेल्वेला विचारा. त्यात सुरक्षेशी तडजोड नाही, आणि वाजण्याचा काळ कमी होतो.

धाडधाड आवाजाचं निदान तुम्ही खिडकीतून करू शकता. प्रत्येक गाडी एकाच जागी आपटत असेल तर दोष रुळात आहे: उघडा सांधा, खचलेली खडी, नाहीतर एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जायचे पॉइंट. एखादीच गाडी सगळ्या वाटेवर ठकठक करत जात असेल तर दोष तिच्या चाकात आहे. जोरात ब्रेक लागून चाक घसटलं की त्याचा एक भाग सपाट होतो आणि ते दर फेरीला रुळावर आपटतं. तुमच्या वर्णनावरून तुमचा दोष पहिल्या प्रकारचा दिसतो. ही चांगली बातमी आहे, कारण तो दुरुस्त होतो. सांधा वेल्डिंगने जोडता येतो, खडीचं पॅकिंग करता येतं, रुळाचा खडबडीतपणा घासून काढता येतो. ही रेल्वेच्या नेहमीच्या देखभालीचीच कामं आहेत. फक्त जागा नेमकी कळवायला हवी. ओव्हरहेड वायरच्या प्रत्येक खांबावर आकडे रंगवलेले असतात: किलोमीटर आणि त्या किलोमीटरमधला खांबाचा क्रमांक. तुमच्या गच्चीवरून तो वाचून घ्या, मोबाइलचा झूम पुरतो. रुळांजवळ जाऊ नका. अर्जात खांबाचा क्रमांक आला की अर्ज वाचणाऱ्या इंजिनिअरला ती जागा लगेच कळते.

मालगाड्या रात्रीच जास्त जाणार. दिवसा लोकलमधून त्यांना वाट मिळत नाही. त्यांचा आवाज मुळात कमी करायचा तर डब्यांत बदल करावे लागतात, आणि ते धोरणाचं काम आहे. जर्मनीने ऱ्हाईन नदीच्या दरीतल्या गावांची ओरड ऐकून डिसेंबर २०२० पासून ओतीव लोखंडाच्या ब्रेक ठोकळ्यांचे गोंगाटी डबे बंद केले. ते ठोकळे चाक खरखरीत करतात, आणि खरखरीत चाक रुळावर जास्त वाजतं. आपल्या रेल्वेला हे जमणार नाही असं मला वाटत नाही. राजधानी-दुरांतोसारख्या गाड्यांना पूर्वी वीज बनवणारे जनरेटरचे डबे असायचे, त्यांची घरघर कानठळ्या बसवायची. आता वीज इंजिनातूनच घेतात. डिझेल वाचलं आणि तो आवाजही गेला.

रात्री चालणारं मशीन बहुधा खडी दाबणारं टॅम्पिंग मशीन असेल. ते रात्रीच चालणार, कारण तेव्हाच रूळ मोकळे मिळतात. वर सांगितलेली धाडधाड बंद करायलाही तेच लागेल, म्हणून त्याच्याविरुद्ध तक्रार करू नका. इतकंच मागा की काम कधी आहे ते सोसायटीला दोन दिवस आधी कळवावं. त्या रात्री सासूबाईंना मागच्या खोलीत झोपवता येईल.

तुम्ही लिहिलं नाही, पण सोसायटीत कुणीतरी ध्वनिरोधक भिंतीचा विषय काढेलच. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर रुळापासून दोन मीटर उंच काँक्रीटच्या पट्ट्या लावल्या जात आहेत, वस्तीत त्यावर आणखी एक मीटर पारदर्शक पट्टी. पण भिंत तिच्या आड असलेल्याच कानांना वाचवते. चौथ्या मजल्यावरून चाक दिसत असेल तर आवाजही थेट येणार. तळमजला, पहिला मजला यांना फायदा होईल, त्यांच्यासाठी मागायला हरकत नाही; तुमची पहिली मागणी ती नसावी. कुंपणाला झाडांची एक रांग लावूनही आवाज फारसा अडत नाही.

घरात काय करायचं? सगळ्या घराच्या खिडक्या बदलायला निघू नका. सासूबाईंची खोली आधी. खोल्यांची अदलाबदल होत असेल तर पैसे खर्च करण्याआधी ती करा; रुळांकडची खोली बैठकीची आणि मागची झोपायची. ते शक्य नसेल तर आहे ती सरकती खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूला दुसरी खिडकी बसवून घ्या, दोन्हीत चार इंच तरी अंतर ठेवून. आतली सरकती नको. सरकत्या खिडकीच्या फटी कधीच पूर्ण बंद होत नाहीत. दारासारखी उघडणारी, चारही बाजूंनी रबर घट्ट बसणारी आणि लॅमिनेटेड काचेची घ्या. दोन काचा जेमतेम बोटभर अंतराने चिकटवलेलं ‘साउंडप्रूफ’ तावदान विकायला येणारे भेटतील. मालगाडीच्या खोल घुमणाऱ्या आवाजापुढे ते कमी पडतं. खिडकी बंद झाली की हवा कुठून येणार, हेही आधी ठरवा, आणि एक्झॉस्टचं भोक उघडं राहिलं तर खिडकीवरचा खर्च बराचसा वाया जातो.

कोर्टात आत्ता जाऊ नका. आज तुमच्या हातात काहीच नाही: मोजणी नाही, अर्जाची पोच नाही, नाकारलेली मागणी नाही. मोबाइलच्या ॲपवरचा आकडा अधिकृत ठरत नाही, पण कुठल्या रात्री, किती वाजता, कुठला आवाज आला याची वही लिहायला तो चालतो. नियमांनुसार आवाज मर्यादेपेक्षा दहा डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तर नागरिक प्राधिकरणाकडे तक्रार करू शकतो. प्राधिकरण म्हणजे जिल्हाधिकारी, पोलिस आयुक्त किंवा नेमलेला पोलिस अधिकारी. त्यांना आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला मोजणीसाठी लेखी विनंती करा. मंडळाने नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेकडून राज्यातल्या २७ शहरांचं ध्वनी-मापन करून घेतलेलं आहे; त्यात तुमचं शहर आणि रुळांजवळचं ठिकाण आहे का ते पाहा. एवढं करूनही दाद लागली नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायमंचाचा, रस्ता आहे. तिथे मुदतीचं बंधन कडक असतं, म्हणून पहिल्या अर्जाबरोबरच एखाद्या वकिलाला तारखा दाखवून ठेवा.

घर विकायचा विचार दहावीची परीक्षा होईपर्यंत बाजूला ठेवा. त्यानंतरही सासूबाईंची झोप सुधारली नसेल, खिडकी आणि खोली बदलूनही, तर विका. त्यात हार मानल्यासारखं काही नाही. फक्त रुळांकडे तोंड असलेला दुसरा फ्लॅट स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. घर बघायला दुपारी जाऊ नका, रात्री साडेबाराला जा.

रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांना, म्हणजे डीआरएमना, सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या, वैयक्तिक नको. तो एका पानात मावला पाहिजे. असा लिहिता येईल: ‘आमच्या इमारतीसमोर, ओव्हरहेड खांब क्रमांक अमुक ते तमुक या दरम्यान कुंपणाची भिंत फुटलेली असून तेथून रोज नागरिक रूळ ओलांडतात. त्यामुळे चालकांना वारंवार भोंगा द्यावा लागतो. भिंत दुरुस्त करून तेथे पादचारी पुलाची पाहणी करावी. खांब क्रमांक अमुक येथे प्रत्येक गाडीच्या वेळी आपटल्याचा आवाज येतो, तेथील सांधा व खडी तपासावी. रात्रीच्या देखभालीची सूचना सोसायटीस आगाऊ द्यावी. आमच्या सदस्यांनी तेथून रूळ ओलांडू नयेत, असा ठराव सोसायटीने केला असून त्याची प्रत सोबत जोडली आहे.’ हा ठराव आधी खरोखर करा. त्याच्यामुळे अर्जाला वजन येतं. पोच घ्या. महिन्याभरात हालचाल दिसली नाही तर दहा रुपयांचं शुल्क भरून माहितीचा अधिकार वापरा आणि तीनच गोष्टी विचारा: त्या जागी शिट्टीचा फलक आहे का आणि कशासाठी, त्या खांबाजवळच्या रुळाची शेवटची तपासणी कधी झाली, आणि आमच्या अर्जावर कोणत्या अधिकाऱ्याने काय शेरा मारला. उत्तरासाठी त्यांना तीस दिवसांची मुदत असते. आलेलं उत्तर मला पाठवा, पुढचं पाऊल आपण मिळून ठरवू.